किंग्ज कप खेळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किंग्ज कप हा पत्त्यांचा, गोलात बसून खेळायचा, पिण्याचा खेळ. मी तो बरीच वर्षं खेळतोय, आणि खेळलोय त्याहून जास्त वेळा पंच म्हणून खेळवलाय. दर वेळी तेच प्रश्न आणि तेच वाद निघतात. पहिला पत्ता उचलायच्या आधी हे वाचून घेतलंत तर त्यातले निम्मे वाद होणारच नाहीत.

माझा या खेळावर जीव आहे तो त्यातल्या भूमिकांमुळे. कोण थंब मास्टर (गुपचूप अंगठा टेकवून बाकीच्यांना पकडणारा) झाला, कोणी कोणाला जोडीदार केलं, कोणी कसला नियम काढला, यात दीड तास कसा निघून जातो ते कळत नाही. घोट म्हणजे फक्त दंड. तो पाण्याने भरला तरी खेळाचं काही बिघडत नाही. पुढची बरीच उत्तरं याच समजुतीवर उभी आहेत. खेळणाऱ्या प्रत्येकाचं वय दारू पिण्यासाठी कायद्यात बसणारं आहे, हे मी धरून चाललोय.

खेळ थोडक्यात कसा चालतो?

टेबलाच्या मधोमध एक रिकामा पेला ठेवायचा. त्याच्याभोवती ५२ पत्त्यांचा कॅट पालथा पसरायचा, एकाच्या कडेवर दुसरा येईल असा, म्हणजे कुठेही फट नसलेलं कडं तयार होतं. जोकर बाजूला. सगळ्यांनी गोलात बसायचं, प्रत्येकापुढे आपापला ग्लास. पाळीपाळीने एकेक पत्ता उचलायचा, सगळ्यांना दिसेल असा उलटायचा आणि त्याचं जे काम ठरलंय ते लगेच करायचं. काही पत्त्यांवर तिथल्या तिथे घोट घ्यावा लागतो. काही पत्ते भूमिका देतात आणि ती पुढे बराच वेळ चालते. चौथा राजा निघाला की डाव संपला.

इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांना इथे काही अर्थ नाही. फक्त आकडा आणि चित्र बघायचं. हाच खेळ बऱ्याच ठिकाणी रिंग ऑफ फायर या नावाने चालतो.

किती भिडू लागतात?

पाच ते आठ. चौघांत जमतो. तिघांत भूमिका कोलमडतात, कारण थंब मास्टर सोडला तर उरतात दोघं, आणि शेवटचा कोण हे ठरवण्यात काही गंमत राहत नाही. आठ जण असले तर पूर्ण कॅटमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सात पत्ते येतात, तेवढे पुरतात. दहाच्या वर गेलात तर सरळ दोन गोल करा. पाळीची वाट बघून लोक कंटाळतात आणि कंटाळलेला माणूस पाळी नसतानाही पीत बसतो.

कोणत्या पत्त्याचं काय काम?

मी वापरतो ती यादी अशी:

एक्का: धबधबा, ज्याला सगळे वॉटरफॉल म्हणतात.
दुर्री: तू. ज्याच्याकडे बोट दाखवाल त्याचा एक घोट.
तिर्री: मी. पत्ता उचलणाऱ्याचा घोट.
चौका: जमीन. सगळ्यांनी जमिनीला हात लावायचा, शेवटचा तो पितो.
पंजा: थंब मास्टर.
छक्का: डावीकडचा आणि उजवीकडचा, दोघांचा एकेक घोट.
सत्ती: आकाश. हात वर करायचा, शेवटचा तो पितो.
अठ्ठी: जोडीदार.
नव्वी: यमक.
दश्शी: यादी. एक विषय सांगायचा, प्रत्येकाने त्यातलं एक नाव घ्यायचं, अडला किंवा पुन्हा तेच नाव घेतलं की घोट.
गुलाम: नवा नियम.
राणी: क्वेश्चन मास्टर.
राजा: मधल्या पेल्यात थोडं ओतायचं.

पुष्कळ ठिकाणी पंजावर सगळे पुरुष आणि छक्क्यावर सगळ्या बायका पितात. मी ते काढून टाकलंय. त्यात ना चपळाई लागते, ना डोकं, आणि पाच पुरुषांत एकच बाई असेल तर तो पत्ता तिच्यावर एकटीवर पडतो.

आमच्याकडे पंजाचा अर्थ वेगळा आहे. मग खरा नियम कोणता?

टेबलावर ठरलेला. हा खेळ तोंडातोंडी पसरलेला आहे, त्याचं कुठलं छापील नियमपुस्तक नाही. कोणी थंब मास्टर गुलामावर देतं, कोणी दश्शीवर 'आजवर मी कधीच नाही' हा खेळ लावतं (एकाने आपण कधी न केलेली गोष्ट सांगायची, ज्यांनी ती केलीय ते पितात). सगळं चालतं. फक्त पहिला पत्ता उलटण्याआधी तेराच्या तेरा अर्थ मोठ्याने वाचा आणि कागदावर लिहून कागद टेबलावर ठेवा. पंचविसाव्या पत्त्याला 'आमच्यात असं नसतं' म्हणून सुरू झालेला वाद मिटत नाही, कारण तोवर प्रत्येकाला आपलंच आठवत असतं.

धबधब्यात नेमकं काय करायचं?

पत्ता उचलणारा प्यायला लागतो, त्याच्याबरोबर सगळे सुरू करतात. तो थांबेपर्यंत त्याच्या शेजारच्याने थांबायचं नाही, शेजारचा थांबेपर्यंत त्याच्या पुढच्याने नाही, असं ओळीने. म्हणजे गोलातला शेवटचा भिडू सगळ्यात जास्त वेळ पितो आणि त्याच्या हातात काहीच नसतं.

संपूर्ण खेळात हाच पत्ता मला धोक्याचा वाटतो. एका झटक्यात किती जाईल यावर कुणाचाच ताबा राहत नाही, आणि असे चार एक्के आहेत. माझ्या टेबलावर धबधबा फक्त पाण्याचा असतो. प्रत्येकासमोर पाण्याचा वेगळा ग्लास ठेवायचा, एक्का निघाला की तोच उचलायचा. चढाओढ तशीच राहते, आणि चार वेळा सगळ्यांच्या पोटात पाणी जातं ते वेगळंच. हे पटत नसेल तर निदान पंचाने तीन मोजेपर्यंत, अशी मर्यादा घाला.

थंब मास्टर म्हणजे काय? ती भूमिका कधी संपते?

पंजा उचलणारा थंब मास्टर होतो. त्याने लगेच काही करायचं नसतं. पुढे कधीही, मनात येईल तेव्हा, एक अक्षर न बोलता अंगठा टेबलाच्या कडेवर टेकवायचा. ज्याच्या लक्षात येईल तोही गुपचूप टेकवतो. शेवटचा उरतो त्याला घोट. पुढचा पंजा निघाला की भूमिका त्या माणसाकडे जाते.

चांगला थंब मास्टर घाई करत नाही. माझ्या एका मैत्रिणीची पद्धत मी नेहमी नवख्यांना सांगतो. ती पंजा मिळाल्यावर निदान चार-पाच पत्ते जाऊ देते. मग कोणीतरी रंगात येऊन किस्सा सांगत असतं, सगळे त्याच्याकडे बघत असतात, आणि ती मान डोलावत ऐकता ऐकता, ग्लास खाली ठेवायच्या निमित्ताने, अंगठा अलगद कडेवर सोडते. नजर किस्सा सांगणाऱ्यावरच. एक बघतो, दुसरा बघतो, अंगठे टेकत जातात, आवाज कमी कमी होतो, आणि किस्सा सांगणाऱ्याच्या लक्षात येतं तेव्हा सगळं टेबल त्याच्याकडे बघत असतं. तो क्षण या खेळातला सगळ्यात सुंदर क्षण आहे, आणि त्यात दारूचा काडीचाही संबंध नाही.

भूमिका हातात असेपर्यंत अंगठा किती वेळा टेकवायचा ते आधी ठरवा. तीनदा पुरे. नाहीतर एखादा दर मिनिटाला टेकवत बसतो आणि मजा जाते.

क्वेश्चन मास्टरच्या प्रश्नाला उत्तर द्यायचंच नाही का?

नाही. राणी उचलणाऱ्याने प्रश्न विचारला आणि तुम्ही उत्तर दिलंत की घोट. मान हलवली तरी उत्तर धरायचं. पुढची राणी निघेपर्यंत हे चालतं. चौथी राणी ज्याच्या हाती लागते तो डाव संपेपर्यंत क्वेश्चन मास्टर राहतो, म्हणून ती राणी कोणाकडे गेली हे विसरू नका.

मराठीत खेळताना एक जास्तीची गंमत होते. आपण अर्धी वाक्यं प्रश्नासारखीच संपवतो. 'बरोबर ना?', 'हो का?', 'काय सांगतोस!' यांतलं काय प्रश्न आणि काय नाही? माझा निवाडा असा: आवाज वर गेला आणि समोरच्याकडून काही यावं अशी अपेक्षा असली तर तो प्रश्न. म्हणून 'बरोबर ना?' प्रश्न, पण आश्चर्याने म्हटलेलं 'काय सांगतोस!' नाही. समोरून आलेलं 'अं?' किंवा 'काय?' हे मात्र उत्तर धरायचं. नवखे तिथेच सापडतात.

सगळ्यात चांगले प्रश्न साधे असतात. 'आता पाळी कोणाची?' विचारा, दोघं तरी बोलून जातात.

जोडीदाराचे जोडीदार कुठवर जातात?

अठ्ठी उचलणारा एकाला जोडीदार करतो. इथून पुढे एकाला घोट पडला की दुसऱ्यालाही. अठ्ठ्या चार आहेत, त्यामुळे साखळी तयार होते: माझी जोडीदार तू, तुझा जोडीदार तो. चार अठ्ठ्यांनी पाच माणसं एका साखळीत येऊ शकतात. सहा जणांच्या टेबलावर मग एकाचा घोट म्हणजे जवळजवळ सगळ्यांचा घोट.

मी साखळी एकाच पायरीपर्यंत मानतो. मला दंड झाला तर माझा जोडीदार पितो, त्याच्या जोडीदारापर्यंत जात नाही. हा नियम करायला उशीर लावू नका, पहिल्या अठ्ठीआधीच सांगा.

आणि जोडीदार निवडताना, जो आज हळू पितोय किंवा अजिबात पीत नाही त्यालाही बिनधास्त निवडा. तो पाण्याचा घोट घेईल. जोडी ती जोडीच.

गुलाम आला, नियम करायचाय. कसला करू?

या प्रश्नाचं उत्तर मी आनंदाने देतो, कारण चांगला नियम संध्याकाळचा नूर पालटतो.

नियम असा हवा की तो सगळ्यांना लागू होईल, मोडला हे लगेच दिसेल आणि माणूस सवयीने तो मोडत राहील. आमच्याकडे सगळ्यात जास्त रंगलेला नियम: टेबलावर सगळ्यांना अहो-जाहो करायचं. लहानपणापासूनच्या मित्राला 'अहो, आपण पत्ता उचलता का?' म्हणताना जीभ अडखळते, आणि दर दोन मिनिटांनी कोणाच्या तरी तोंडून 'अरे' निघतोच. दुसरा: 'मी' हा शब्द वर्ज्य. तिसरा: ग्लास कायम डाव्या हाताने उचलायचा. चौथा: कोणाचं नाव घ्यायचं नाही. हे दिसायला सोपे आहेत, पण दोन नियम एकदम लागू झाले की डोक्याला चांगलाच ताण पडतो.

कसला नियम नको ते पंचाने आधीच सांगावं. कपडे, स्पर्श, चुंबन, कोणाचा फोन, कोणाचे पैसे, कोणाचं शरीर, कोणाच्या बोलण्याची नक्कल, कोणाचं गुपित, यांतलं काहीही नाही. एकाच माणसावर रोखलेला नियम नाही. 'दर पाच मिनिटांनी सगळ्यांनी ग्लास संपवायचा' असला, फक्त पिणं वाढवणारा नियमही नाही. तो करणाऱ्याला दुसरं काही सुचत नसतं म्हणून तो येतो. त्याला दोन मिनिटं द्या, काहीतरी बरं सुचेल.

नियम किती वेळ राहतो? चौथा राजा निघेपर्यंत. पण एका वेळी तीनच ठेवा. चौथा गुलाम निघाला की सगळ्यात जुना नियम रद्द.

यमकाचा पत्ता मराठीत कसा खेळायचा?

नव्वी उचलणारा एक शब्द देतो, पुढचे ओळीने त्याला जुळणारा शब्द सांगतात, अडेल त्याचा घोट. मराठीत हे फार सोपं होऊन बसतं. 'बसला' म्हटलं की हसला, फसला, रुसला, घुसला, अशी रांग कधी संपतच नाही. 'मोठेपणा' म्हटलं की 'पणा' लावून शब्दकोश रिकामा होतो. म्हणून दोन अटी घाला: क्रियापदाची रूपं नकोत आणि प्रत्ययाने जुळवलेलं यमक नको.

मग खरी कसोटी लागते. 'पाणी' घ्या: राणी, गाणी, नाणी, वाणी, कहाणी, आणि साधारण सातव्या भिडूला घाम फुटतो. 'फळ' लांब जातं, कारण बळ, कळ, तळ, नळ, मळ, छळ सगळ्यांच्या जिभेवर असतात. 'चंद्र' दिलात तर पहिलाच बिचारा 'मंद्र' म्हणून सुटतो आणि दुसरा अडकतो. अवघड शब्द देणं हक्काचं आहे, पण देणाऱ्याला स्वतःला त्याचं एक तरी यमक सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर घोट त्याचा.

पंच लागतोच का? आम्ही मित्रच आहोत.

लागतो. माझ्या मते ही सगळ्यात मोठी भूमिका आहे, आणि ती पत्त्यातून मिळत नाही. ती आधी द्यावी लागते. पंच त्या संध्याकाळी दारू पीत नाही. तो पत्ते उचलतो, अंगठा टेकवतो, यमकं जुळवतो, पण घोट पाण्याचे किंवा सरबताचे. वादात त्याचा शब्द शेवटचा. कोण हळू बोलायला लागलंय, कोण उगाच गप्प झालंय, कोणाचा ग्लास तिसऱ्यांदा भरलाय, हे बघायला एक तरी माणूस पूर्ण शुद्धीत हवा. शेवटी कोण कसं घरी जाणार हेही तोच बघतो.

ही भूमिका दर वेळी त्याच माणसाच्या गळ्यात मारू नका. पाळी लावा. पाळी आली की समजतं की न पिता हा खेळ किती नीट दिसतो. थंब मास्टरचा अंगठा मला सगळ्यात आधी दिसतो तो मी पंच असतो तेव्हाच.

जो पीत नाही तो खेळू शकतो का? त्याला लिंबूटिंबू धरायचं का?

खेळू शकतो, आणि लिंबूटिंबू अजिबात नाही. लहानपणी लिंबूटिंबूवर राज्य येत नसे, तो बाद होत नसे, आणि म्हणूनच तो खरा भिडू नसे. इथे पाणी पिणाऱ्याला पूर्ण दंड होतो, पूर्ण भूमिका मिळतात, त्याने केलेला नियम सगळ्यांना पाळावा लागतो. पाण्याचा घोट पुरेसा दंड वाटत नसेल तर दुसरा दंड ठेवा: एक पत्ता होईपर्यंत उभं राहायचं, एका दमात जीभ अडखळेल असं वाक्य म्हणायचं. मग तोच दंड पिणाऱ्यांनाही निवडता येऊ द्या. बरेच जण तो घेतात, हे मी पाहिलंय.

आणि 'का पीत नाहीस?' हे विचारायचं नाही. एकदा आमच्या टेबलावर एकाच्या गोळ्या चालू होत्या. त्याला ते चारचौघांत सांगायचं नव्हतं. 'एका घोटाने काय होतं' म्हणत तिघांनी त्याच्यामागे लकडा लावला. थोड्या वेळाने तो उठून गेला. त्या दिवशी पंच मी होतो आणि मी गप्प बसलो. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून माझ्या टेबलावरचा पहिला लिहिलेला नियम हा: नकाराला कारण लागत नाही, आणि जो कारण विचारेल त्याला दंड.

मध्येच थांबायचं असेल तर?

'टाइम प्लीज' म्हणा. लहानपणी खेळात जसं म्हणायचो तसंच. त्याच वेळी तुमच्यावरचे सगळे दंड थांबतात. पाणी प्या, बाहेर जाऊन या, परत आलात तर पाण्याच्या ग्लासाने खेळा, नाहीतर नुसते बसा. भूमिका तुमच्याकडे असेल तर ती शेजारच्याला द्या. याला रडीचा डाव म्हणायची कोणाला परवानगी नाही.

एक घोट म्हणजे किती?

याचं उत्तर बहुतेक टेबलांवर ठरलेलंच नसतं. मी एकदा मापाच्या पेल्याने मोजून पाहिलं. माझा साधा घोट २० मिलीच्या आसपास निघाला, आणि भराभर पिताना घेतलेला त्याच्या दुपटीच्याही वर.

आता हिशोब बघा. ५ टक्क्यांच्या बिअरच्या २० मिलीत शुद्ध अल्कोहोल १ मिली. ४० टक्क्यांच्या कडक दारूच्या २० मिलीत ८ मिली. म्हणजे काही न मिसळलेला एक घोट बिअरच्या आठ घोटांएवढा. एकाच टेबलावर एक जण बिअर आणि दुसरा काही न मिसळलेली व्हिस्की घेऊन बसला तर दोघांना एकच दंड होतो असं म्हणता येत नाही. माझा नियम: कडक दारू या खेळात घ्यायचीच असेल तर भरपूर पातळ करून, नाहीतर नाही.

३३० मिलीच्या ५ टक्क्यांच्या बाटलीत साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला १० ग्रॅमच्या आतबाहेरच हाताळतं, कित्येकांचं त्याहून कमी. डाव सव्वा ते दीड तास चालतो. म्हणजे एका डावाला एक बाटली हेसुद्धा शरीराच्या गतीच्या जेमतेम बरोबरीचं. त्याच वजनाच्या पुरुषापेक्षा बाईच्या रक्तात त्याच दारूचं प्रमाण सहसा जास्त चढतं, कारण शरीरातलं पाणी कमी असतं. 'बरोबरीने पी' हा आग्रह म्हणूनच चुकीचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं की आरोग्यासाठी पूर्ण सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. हे माहीत असूनही आपण खेळतो, तर निदान मोजून खेळू या.

कडं तुटलं तर?

पत्ता ओढताना पत्त्यांच्या कड्यात फट पडली तर ओढणाऱ्याचा एक घोट. एवढंच. काही जण कड्याऐवजी उघडलेले पत्ते मधल्या बंद कॅनच्या चावीखाली सरकवत जातात, आणि ज्याच्या पत्त्याने कॅन फुटतो तो कॅन त्याला. दिसायला मजेशीर आहे, पण अख्खा कॅन हा दंड मला जास्त वाटतो.

चौथ्या राजाला मधला पेला प्यावाच लागतो का?

रूढ नियम तसा आहे. पहिले तीन राजे उचलणारे आपापल्या ग्लासातलं थोडं पेल्यात ओततात, चौथा तो पेला पितो. बिअर, वाइन, रम आणि कोणाचं तरी संत्र्याचं सरबत एकत्र झालेला तो पेला मी पाहिलाय, त्याचा वासही घेतलाय. कोणालाही तो पिण्याची सक्ती करू नका. मी पेल्यात फक्त सरबत किंवा सोडा ओतायला लावतो आणि चौथ्या राजाला एक अधिकार देतो: पुढच्या डावाचे तीन नियम तो आधीच ठरवणार. लोक चौथ्या राजाला घाबरायचे, आता त्याची वाट बघतात.

चौथा राजा कधी येतो? सरासरीने बेचाळिसाव्या-त्रेचाळिसाव्या पत्त्याला. पहिल्या २६ पत्त्यांत चारही राजे निघून डाव अर्ध्यावर संपला, असं शंभरात पाच-सहा वेळा होतं. अगदी शेवटच्या पत्त्यापर्यंत जाणं तेरा डावांत एकदा. तीन राजे निघाल्यावर प्रत्येक पत्त्यागणिक टेबल ताणलेलं असतं, ते उगीच नाही.

एकाकडे दोन-तीन भूमिका आल्या तर?

चालतं. थंब मास्टर आणि क्वेश्चन मास्टर एकच झाला तर तो टेबलाचा राजाच होतो. नको वाटत असेल तर दुसरी भूमिका त्याने कोणाला तरी द्यायची, असं ठरवा.

कोणी खेळूच नये?

गाडी चालवणारे, गरोदर बायका, झोपेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या घेणारे, मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरचं औषध) घेणारे, यकृताचा त्रास असलेले, दारू सोडलेले किंवा सोडू पाहणारे: यांनी दारूने खेळू नये. सोडू पाहणाऱ्यासाठी पाण्याचा ग्लासही पुरेसा नसतो, कारण टेबलावरचा वासच त्रास देतो. असा मित्र येणार असेल तर त्या दिवशी अख्खं टेबल सरबतावर खेळा. उपाशीपोटी कोणीच खेळू नये.

कोणाला जास्त झाली तर काय करायचं?

खेळ बंद. उलटी करवू नका, कॉफी पाजू नका, थंड पाण्याखाली धरू नका. याने दारू लवकर उतरत नाही. झोपवायचं असेल तर कुशीवर, आणि शेजारी कोणीतरी जागं. शेवटच्या घोटानंतरही रक्तातलं प्रमाण काही वेळ वाढत राहतं, म्हणून 'झोपलाय, झोपू दे' म्हणून खोलीचं दार लावून घेऊ नका.

हलवून, हाक मारून जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल, ओठ निळसर किंवा अंग गार पडलं असेल, झटके येत असतील, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. घरचे काय म्हणतील याचा विचार नंतर.

असे खेळ नवीन आहेत का?

मुळीच नाहीत, आणि भूमिकाही नव्या नाहीत. प्राचीन ग्रीसमधल्या मेजवानीत एक सिम्पोझियार्क निवडत. वाइनमध्ये पाणी किती मिसळायचं ते तो ठरवायचा. तिथे कॉटाबॉस नावाचा खेळ होता: पेल्यातला तळाचा गाळ झटका देऊन नेमावर उडवायचा.

मला जास्त आवडते ती चीनमधली गोष्ट. १९८२ साली च्यांग्सू प्रांतात तांग राजघराण्याच्या काळातल्या चांदीच्या वस्तूंचा साठा सापडला. त्यात कासवाच्या पाठीवर उभं केलेलं एक नळकांडं आणि ५० चांदीच्या पट्ट्या होत्या. पाळीने एक पट्टी उचलायची. तिच्यावर वर कन्फ्यूशियसचं वचन आणि खाली हुकूम: कोणी प्यायचं, किती प्यायचं. त्या काळी टेबलावर नियम सांभाळायला आणि दंड वसूल करायला वेगवेगळे अधिकारी नेमत. आणि त्या पट्ट्यांपैकी काहींवर हुकूम आहे तो 'सोडून द्या', म्हणजे या वेळी कोणीच प्यायचं नाही. ते वाचल्यापासून मी कॅटमधल्या चार तिर्र्यांपैकी दोन 'सोडून द्या'च्या करतो. इस्पिक आणि किलवरची तिर्री निघाली की कोणाला काही नाही, पुढची पाळी.

पत्ते भिजले, किंवा पत्तेच नाहीत. मग?

पत्ते भिजणारच, म्हणून प्लॅस्टिकचे घ्या. कागदी पत्ते तिसऱ्या राजापर्यंत एकमेकांना चिकटतात आणि कडं तुटल्याचे खोटे दंड होतात. पत्ते नसतील तर दोन फासे पुरतात. थ्री मॅन नावाच्या खेळात ज्याला पहिल्यांदा ३ पडतो तो थ्री मॅन होतो. मग कोणाच्याही फाशावर ३ आला की घोट त्याचा, आणि स्वतःच्या पाळीला ३ पाडला की त्याची सुटका होऊन भूमिका तो दुसऱ्याला देतो. भूमिका एकच, पण फासे हातात घेऊन तिघांतही चांगला रंगतो. पंच, पाण्याचा ग्लास आणि टाइम प्लीज मात्र तिथेही तेच.